मागून

डब्यावर एकच शब्द होता. पांढऱ्या रंगात, जाड ब्रशने, घाईघाईत लिहिलेला: मागून.

फिल्मांच्या भांडारात, तळघरातल्या एका भिंतीला असे डबे छतापर्यंत रचलेले होते. सगळ्यांवर तोच शब्द. लोक त्याला 'मागूनचा ढीग' म्हणत. मागून बघू, मागून साफ करू, मागून यादीत घेऊ. असं म्हणणारे एकामागून एक निवृत्त झाले आणि ढीग तिथेच राहिला, घरातल्या एखाद्या न बोलणाऱ्या काकांसारखा, ज्यांना कुणी उठवतही नाही आणि काही विचारतही नाही.

ढिगासमोरच सांधेवालीचं टेबल होतं. तुटलेली फिल्म जोडायची, म्हणजे सांधा मारायचा, हे तिचं काम, म्हणून ती सांधेवाली. आता त्या भिंतीला नवी कपाटं येणार होती. भांडाराच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या खाली येऊन भिंतीचं माप घेऊन गेल्या.

"ढीग जाणार," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"वितळवायला. इतक्या वर्षांत कुणी मागितला नाही. म्हणजे कुणाचं काही अडलेलं नाही."

"कुणी उघडलाच नाही तर मागणार कोण?"

"ते तुमचं बरोबर आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांची ही जुनीच खोड होती. समोरच्याचं बरोबर आहे म्हणायचं आणि आपल्याला करायचं तेच करायचं.

त्या वर गेल्या आणि सांधेवालीला घास गिळवेना. आत काय आहे ते एकाही माणसाला कळायच्या आधी हे सगळं वितळणार. वाईट असतं तर ठीक होतं. पण वाईट आहे हे तरी कुणी बघितलंय? तिने जेवणाचा डबा बंद केला, शिडी ओढली आणि हाताला लागला तो वरचा डबा खाली आणला.

— सांधा —

झाकण उघडल्याबरोबर आंबूस वास आला. जुनी फिल्म कुजायला लागली की असा वास येतो आणि मग हातात फार वेळ राहत नाही. रीळ आक्रसलं होतं. मशीनवर चढवलं असतं तर कडेची भोकं टराटरा फाटली असती. आतला भाग तर साबणाच्या वडीसारखा एकजीव होऊन बसला होता. बाहेरचे काही वेढे मात्र सुटे होते. तिने ते हाताने उलगडले, काचेखाली दिवा असलेल्या टेबलावर पसरले, एकेका चौकटीचा फोटो घेतला आणि कॉम्प्युटरवर ओळीने लावले.

फिल्मवर पाऊस होता. पाऊस म्हणजे उभे ओरखडे. जुन्या फिल्मवर ते असतातच. मधोमध एक लांबलचक रेघ होती, किंचित थरथरणारी. तिने सवयीने त्या रेघेवर खूण केली आणि बटण दाबलं. प्रोग्रामने ती सगळ्या चौकटींतून पुसून टाकली, केसांतला गुंता निघावा तशी.

मग तिने फिल्म चालवली.

रस्ता रिकामा.

कोपऱ्यावर बाई.

हात कानाशी.

ओठ हलतायत.

हसते.

कमरेचा डबा स्पष्ट दिसतो.

तिच्या झग्याने चौकट भरून गेलेली.

आणि संपलं. पुढचं सगळं साबणाच्या वडीत.

सांधेवालीने पुन्हा लावलं. पुन्हा. घोड्यांच्या लिदीचे डाग पडलेला दगडी रस्ता, दारांशी तेलाचे दिवे, आणि त्या रस्त्यावरून पायघोळ झग्यातली, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई कानाला काहीतरी लावून बोलत येते. स्वतःशी नाही बोलत. स्वतःशी बोलणारी माणसं मध्ये थांबून ऐकत नाहीत. ही थांबत होती. ऐकत होती. ऐकून हसत होती.

 सांधेवालीने इकडेतिकडे बघितलं. तळघरात दुसरं कुणी नव्हतं. मग तिने, नंतर तिला स्वतःलाच नवल वाटलं असं, सरळ आपल्या दिराला फोन लावला.

— सांधा —

दीर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा आणि उरलेल्या वेळात 'काळाच्या भेगा' नावाचा चॅनेल चालवायचा. चॅनेलवर आतापर्यंत ढगात दिसलेले चेहरे होते आणि त्याच्या आईच्या मते बघणारी माणसंही ढगातलीच होती. त्याने फिल्म बघितली, खुर्चीतून उठला, पुन्हा बसला.

"वहिनी, हे मॉडेल अजून बाजारात आलेलं नाही."

"भाऊजी, ते मॉडेल आहे हे कशावरून?"

"माझ्या हाताखालून रोज एवढे फोन जातात. बाई फोन कसा धरते ते मला कळत नाही का? कोपर बघा. कोपर खोटं बोलत नाही."

त्याने तो तुकडा चॅनेलवर टाकला. संध्याकाळी चहा होईपर्यंत लोक तुटून पडले होते.

*कमरेला डबा आहे तो बॅटरीचा.*

*डब्याच्या कडेला काहीतरी गरगर फिरतंय, नीट बघा. तो पंखा आहे. बॅटरी गार ठेवायला.*

*तेव्हा टॉवर नव्हता मग रेंज कुठून आली*

*भविष्यातल्या टॉवरची. अक्कल वापर भाऊ*

*माझी बायको अशीच हसते माहेरी बोलताना. माझ्याशी बोलताना नाही.*

*ती भविष्यातून आलीय तर कपडे जुने कसे?*

*अरे वेडा, कुठे जायचंय ते बघून माणूस कपडे घालतो ना.*

*पुढे काय होतं?*

*हो, पुढचं टाका.*

*पुढचं कुठाय?*

घरात सासूबाईंनी तो तुकडा चष्मा पुसून तीनदा बघितला आणि निकाल दिला. "बोलणं चाललंय ते धाकट्या जावेबद्दल. असं हसणं दुसऱ्या कशाने येत नाही."

आणि मोठ्या बाई स्वतः तळघरात आल्या. शिडीला हात टेकून उभ्या राहिल्या.

"पेपरवाले विचारतायत," त्या म्हणाल्या. "वरच्या सभागृहात खेळ ठेवू. पुढचा भाग सुटेल ना तोवर?"

"सुटेल. पण ढीग?"

"त्या बाईच्या मागे खरंच काही असेल, तर ढिगाला हात लावणार नाही. कपाटं दुसरीकडे बघू. आणि काही नसेल," त्यांनी भिंतीकडे बघितलं, "तर माझाही नाइलाज आहे. गाडी सांगून ठेवलेली आहे."

म्हणजे आता सगळा ढीग त्या एका बाईच्या कानावर टेकून उभा होता.

— सांधा —

चिकटलेलं रीळ जबरदस्तीने सुटत नाही. सांधेवालीने ते औषधाच्या वाफेत, बंद पेटीत ठेवलं आणि रोज सकाळी उघडून बोटाच्या टोकाने कडा चाचपत राहिली. नवऱ्याने विचारलं, जेवायला येणार आहेस की तिथेच अंडी उबवत बसणार आहेस? ती म्हणाली, दोन्ही नाही, तिसरंच काहीतरी आहे.

खेळाच्या आदल्या दिवशी दुपारी पहिला वेढा सुटला. मग पुढचा. मग, कांद्याची पात सुटावी तसे, भराभर. मधोमध बुरशीने खाल्लं होतं, बाईचा कमरेपासचा भाग नेमका गेलेला, पण कडा शाबूत होत्या. दीर दुकान बंद करून आला होता आणि तिच्या मागे उभा राहून तिच्या मानेवर श्वास टाकत होता.

"लांब व्हा, भाऊजी. फिल्मवर वाफ बसेल."

"तुम्ही लवकर करा ना. लोक मला झोपू देत नाहीत."

फोटो घेऊन झाले. ओळीने लावले. चालवलं.

बाई कॅमेऱ्यासमोर उभी. तिच्याभोवती हळूहळू माणसं गोळा होतात. पण कशी? पाठीमागे चालत. एक म्हातारा पाठमोरा सरकत सरकत फ्रेममध्ये येतो. रस्त्यावर सांडलेलं पाणी गोळा होतं, उडतं आणि एका माणसाच्या बादलीत जाऊन बसतं. कबुतरं शेपटीकडून छपरावर उतरतात. समोरच्या धुराड्यात आभाळातला धूर घुसत जातो.



"रीळ उलटं आहे," सांधेवाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मी शेवटाकडून सुरुवात केली. भाऊजी, मी सगळं उलटं लावलंय."

"थांबा." दिराने खुर्चीची पाठ पकडली. "सगळी माणसं उलटी चालतायत."

"हो."

"पण ती आधीच्या तुकड्यात सरळ चालत आली होती."

सांधेवालीने पहिला तुकडा पुन्हा लावून बघितला.

"म्हणजे सगळं जग एकीकडे चाललंय," दीर म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला, "आणि ही एकटी दुसरीकडे. वहिनी, ही काळाच्या उलट चालतेय. साधी कुठून तरी आलेली नाही. ती आत्ता, या रस्त्यावर, उद्याकडून कालकडे चाललीय. आणि तिकडच्या माणसाशी फोनवर बोलतेय."

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण दिराचं म्हणणं वेडगळ होतं पण हिशोबात बसत होतं. उलट्या फिल्ममध्ये सरळ चालणारी बाई. ती उठली, फेऱ्या मारू लागली. फेऱ्या मारता मारता ढिगासमोर आली आणि त्या पांढऱ्या अक्षरांपाशी थांबली.

मागून.

"अगंबाई," ती स्वतःलाच म्हणाली.

"काय?"

"हे 'मागून बघू' नाही, भाऊजी. हे 'मागून चालवा' आहे."

दिराला कळेना. तिने त्याचा दंड धरून त्याला ढिगासमोर उभा केला. "फिल्म दाखवून झाली की रीळ उलटं गुंडाळलं जातं. शेवट बाहेर, सुरुवात आत. पुन्हा लावायच्या आधी परत फिरवावं लागतं. ज्याने कुणी हे डबे भरले त्याने पुढच्याला सांगून ठेवलंय, की बाबा, हे मागच्या टोकाने गुंडाळलंय. आणि आम्ही सगळे शहाणे म्हणत बसलो, मागून बघू, मागून बघू."

"म्हणजे हा सगळा ढीग..."

"हा सगळा ढीग कुणीतरी शेवटपर्यंत बघितलेला आहे. टाकून दिलेला नाही. सगळ्यात शेवटी हेच बघून लोक घरी गेलेत."

ती बोलत होती आणि तिच्या लक्षात येत होतं की आपण जवळजवळ ओरडतोय. दीर मात्र अजून त्या बाईपाशीच होता.

"ते सगळं ठीक आहे. पण ती सरळ का चालते?"

"सरळ नाही. रीळ सुलट लावलं तर ती उलट चालते. मागे मागे. तोंड कॅमेऱ्याकडे आणि पाय कोपऱ्याकडे."

"भर रस्त्यात उलटं कोण चालतं?"



— सांधा —

उत्तर सकाळी स्वयंपाकघरात मिळालं.

सासूबाई फरशी पुसत होत्या. मोबाईल खांदा आणि कान यांच्या मध्ये दाबलेला, पलीकडे त्यांची बहीण, आणि विषय धाकटी जाऊ. त्या मागच्या दाराकडे पाठ करून, हातातलं फडकं डावीकडून उजवीकडे फिरवत, एकेक पाऊल मागे सरकत होत्या. मध्येच थांबायच्या, ऐकायच्या, हसायच्या, आणि पुन्हा एक पाऊल मागे.

सांधेवाली चपला घालून दारात आली.

"तिथेच थांब," सासूबाई म्हणाल्या. "तुला नाही गं, ही सून आलीय. पुसल्यावर पाय देऊ नकोस, ओलं आहे."

"आई, तुम्ही उलट्या का चालता?"

"आता हे काय विचारणं झालं? सरळ चालले तर पुसलेल्यावर माझेच पाय उमटतील. आणि कुठे काय राहिलं ते दिसणार कसं? सडा म्हण, रांगोळी म्हण, खाली काही घालत जायचं तर त्याच्याकडे तोंड नको का?"

सांधेवाली दारातच उभी राहिली. तिला समोर स्वयंपाकघर दिसत नव्हतं.

खाली काही घालत जायचं तर.

"आई," ती म्हणाली, "मी जाते."

"डबा?"

"मागून न्यायला येते," ती म्हणाली आणि स्वतःच्याच तोंडून तो शब्द ऐकून जिन्यात फस्सकन हसली. बस येईपर्यंत ती थांब्यावर उभी राहिली नाही. पुढच्या थांब्यापर्यंत पळत गेली, तिथे बस गाठली, आणि बसमध्येही उभीच राहिली, जणू बसली तर बस हळू चालली असती.

तळघरात तिने मूळ फिल्म काढली. कॉम्प्युटरमधली नव्हे. हातातली, आंबूस वासाची. काचेवर ठेवली, दिवा लावला, डोळ्याला भिंग लावलं. मधोमध ती रेघ. जी तिने पुसली होती.

ओरखडा फिल्मच्या अंगावर असतो. फिल्म तिरकी धरली की चमकतो, नख फिरवलं की नखाला लागतो. तिने फिल्म तिरकी धरली. रेघ चमकली नाही. नख फिरवलं. नख घसरून गेलं, कुठे अडकलं नाही.

रेघ फिल्मवर नव्हती. रेघ रस्त्यावर होती.

ती एकेक चौकट बघत गेली. आता मागून, म्हणजे खऱ्या सुरुवातीपासून. बाई कॅमेऱ्याजवळ असते तेव्हा रेघ वीतभर. बाई मागे जाते तशी रेघ लांब होत जाते. आणि प्रत्येक चौकटीत रेघेचं वरचं टोक एकाच ठिकाणी संपतं: बाईच्या कमरेच्या डब्यापाशी. जिथे ते काहीतरी गरगर फिरत होतं. पंखा नव्हता तो. तारेच्या रिळाचा दांडा होता.

कमरेला तारेचं रीळ. कानाला फोन. टेलिफोनची तार रस्त्यावर घालत घालत, ती नीट बसतेय ना हे बघत, बाई मागे मागे चालली होती, आणि तार जिथून निघाली त्या टोकाशी बोलत होती. ऐकू येतंय का? येतंय. अजून येतंय का? अजून.

सांधेवाली खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या बाईच्या फोनची वायर जगात कुणीच तोडली नव्हती. ती तिने तोडली होती. स्वतःच्या हाताने, एक बटण दाबून, साफसफाई म्हणून.

— सांधा —

"नाही," दीर म्हणाला.

ते सभागृहाच्या जिन्यात उभे होते. वर माणसं येत होती, खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते.

"भाऊजी, ऐकून तर घ्या."

"ऐकलं. वहिनी, वर एवढी माणसं आलीत ती काळातून चालणाऱ्या बाईसाठी. त्यांना तुम्ही वायर दाखवणार? लोक मला जोड्याने मारतील."

"तुम्ही सांगितलेलं खोटं काय होतं? बाई रस्त्यावरून फोनवर बोलत चालली होती."

"वायर होती ना पण."

"ती माझी चूक. तुमची नाही. मी उभं राहून सांगेन."

"आणि ढीग?" त्याने आवाज खाली आणला. "मोठ्या बाई काय म्हणाल्या होत्या? काही नसेल तर गाडी. खाली अंगणात उभी आहे ती गाडी, मी बघून आलो. तुम्ही आज पुसलेलीच फिल्म लावा. कुणाला कळणार नाही. ढीग वाचेल. मग वर्षभराने सांगा हवं तर, मागून."

त्या शब्दावर दोघंही थबकले. मग दोघांनाही हसू फुटलं. त्या परिस्थितीत ते बरं दिसत नव्हतं, पण आवरेना.

"विचार करा," दीर डोळे पुसत म्हणाला. "मी गंमत नाही करत."

तिने विचार केला. दिराचं खरं होतं. पुसलेली फिल्म तयार होती, सगळ्यांना आवडलेली होती, आणि ढीग तिच्यावर तरून गेला असता. पण मग तो ढीग एका अशा बाईमुळे वाचला असता जी नव्हतीच. आणि जी होती, जी मागे न बघता मागे चालत होती आणि हसत होती, ती पुन्हा पुसली गेली असती. या वेळी जाणूनबुजून.

आणि एक दुसरी गोष्ट होती, जी ती दिराला सांगू शकली नाही कारण ती शहाणपणाची नव्हती. तिला राहवत नव्हतं. सकाळी भिंगातून जे दिसलं होतं ते आणखी कुणालातरी दाखवल्याशिवाय तिला पुढचा श्वास घेता येणार नव्हता.

"मी खरी लावते," ती म्हणाली.

दिराने कपाळावर हात मारला. मग मोबाईल काढला. "थांबा, चित्रीकरण तरी करू द्या. बुडायचंच तर नीट प्रकाशात बुडू."

— सांधा —

ती पडद्याच्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली की आपण पहिल्यांदा उलटं लावलं होतं, आणि एक रेघ ओरखडा समजून पुसली होती, ती परत आणलेली आहे. एवढंच. पहिल्या रांगेत मोठ्या बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. मागून कुणीतरी विचारलं, म्हणजे काळातून येणारी बाई नाही? सांधेवाली म्हणाली, बघा तुम्हीच.

दिवे गेले.

आभाळात धूर चढतो. बादलीतून पाणी उडतं आणि रस्त्यावर पसरतं. कबुतरं उठतात. म्हातारा पुढे चालत निघून जातो, गर्दी कडेला सरकते, वाट मोकळी होते.

तिच्या झग्याने चौकट भरून गेलेली.

कमरेचा डबा स्पष्ट दिसतो, आणि त्यातून एक रेघ निघते.

हसते.

ओठ हलतायत. रेघ लांब होते.

हात कानाशी. एक पाऊल मागे, एक पाऊल मागे. रेघ अजून लांब.

कोपऱ्यावर बाई.

रस्ता रिकामा.

सभागृहात माणसं खुर्च्यांत पुढे सरकली. कारण रस्ता रिकामा नव्हता. आधी ज्या चौकटी सगळ्यांना रिकाम्या वाटल्या होत्या त्यांच्या मधोमध आता तार पडलेली होती, कॅमेऱ्यापासून थेट कोपऱ्यापर्यंत, जिथे बाई वळून दिसेनाशी झाली होती. शेवटच्या थोड्याशा चौकटी उरल्या होत्या. आणि त्यात, अगदी शेवटी, तार हलली. जमिनीवरून वीतभर उचलली गेली, ताठ झाली, खालची धूळ उडाली. कोपऱ्यापलीकडून कुणीतरी तार ओढत होतं.

पडदा पांढरा झाला.

"आणि?" अंधारातून कुणीतरी म्हणालं.

दिवे लागले. माणसं जागची हलेनात. दीर मोबाईल धरलेला हात खाली घ्यायला विसरला होता. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, बाजूच्याला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू आलं, "कुणाच्या घरात गेली असेल ती?"

"बाई?"

"तार."

मग एकदम कालवा झाला. डॉक्टरकडे गेली असणार. छे, पोलिसात. कोपऱ्यावर काय होतं तेव्हा? ओढली ती गच्चीवरून, उचलली गेली ना वर. गच्ची नाही, खांब. एक म्हातारे गृहस्थ उभे राहून हाताने दाखवत होते की वरून ओढलं तर तार कशी उठेल आणि आतून ओढलं तर कशी. त्यांच्या बायकोने त्यांना कोट धरून खाली बसवलं आणि त्यांच्या जागी स्वतः उभी राहिली.

मोठ्या बाई उठल्या. सांधेवालीपाशी आल्या. 

"तुम्ही आधीच सांगायला हवं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आजच सकाळी कळलं."

"मला एवढ्या लोकांदेखत कळलं."

"हो. ते तुमचं बरोबर आहे."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. आपली खोड दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की माणूस जसा बघतो तसं. मग त्यांनी पांढऱ्या पडद्याकडे बघितलं.

"कुणी ओढली?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. रीळ तिथेच संपतं."

"पुढचं रीळ?"

"असलं तर ढिगात."

"कुठल्या डब्यात?"

"ते उघडल्याशिवाय कसं सांगू? सगळ्यांवर एकच शब्द आहे."

मोठ्या बाईंनी ओठ दाबले. खिडकीशी गेल्या आणि खाली अंगणात बघून हात हलवला. गाडीवाल्याने वर बघून खुणेने विचारलं, किती वेळ? त्यांनी पुन्हा हात हलवला, या वेळी असा, की त्याने गाडीचं दार उघडलं, आत बसला आणि इंजिन चालू केलं. रिकामी गाडी फाटकातून बाहेर गेली.

"चला," मोठ्या बाई म्हणाल्या आणि जिन्याकडे निघाल्या. दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "शिडी मी धरते. वरून सुरुवात करायची की खालून?"

सांधेवाली तोवर त्यांना ओलांडून पुढे गेली होती.